वेढे वाढवून टॉर्क वाढतो का? चढावर थांबणाऱ्या हब मोटरबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, म्हणजे काही गफलत असेल तर इथेच लक्षात येईल. जुन्नरकडच्या चढउताराच्या शेतातून टोमॅटोचे क्रेट वरच्या रस्त्यापर्यंत आणायला तुम्ही बॅटरीवर चालणारा तीनचाकी गाडा बनवला आहे. माणूस मागून चालतो, गाड्यावर बसत नाही. गाडा, बॅटरी आणि दहा क्रेट धरून वजन साधारण ३२० किलो. पुढच्या चाकात ४८ व्होल्ट, १ किलोवॅट, ४०० आरपीएमची हब मोटर आणि तिला ३५ अँपिअरचा कंट्रोलर. सपाटीवर गाडा छान पळतो. पण आठ फुटांना एक फूट असा चढ आला की निम्म्यात थांबतो आणि मिनिट-दीड मिनिटात वार्निशचा वास येतो. तुम्ही विचारता की तारेचे वेढे वाढवून रिवाइंड करू, एन-५२ ग्रेडचे जोरदार चुंबक लावू की एअर गॅप (मोटरचा फिरणारा आणि स्थिर भाग यांमधली हवेची फट) कमी करू? दीडपट टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळाला तरी भागेल, आणि मोटर उघडायची तयारी आहे.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात बरीच वर्षं मोटर डिझाइनचं काम करतो. टॉर्क वाढवून द्या, पण आकार, वजन आणि किंमत तीच ठेवा, ही मागणी आमच्याकडे नेहमीचीच. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुम्ही सुचवलेले तिन्ही उपाय चुकीचे नाहीत. त्यातून नक्की किती मिळतं आणि त्याची किंमत काय, एवढं पाहायला हवं.

सुरुवात मोटरपासून न करता चढापासून करू. आठास एक चढावर ३२० किलोला मागे खेचणारं बल सुमारे ३९० न्यूटन. मातीच्या वाटेवर चाक फिरवायला लागणारं बल वेगळं. वजनाच्या ३ टक्के धरलं तर ते ९० न्यूटनच्या थोडं वर जातं. एकूण ४८० न्यूटन धरा. चाकाची त्रिज्या टायरसकट २१ सेंटिमीटर, म्हणजे चाकावर हवा असलेला टॉर्क जवळजवळ १०० न्यूटन-मीटर. ताशी ६ किलोमीटर या झपझप चालण्याच्या वेगाला चाक ७६ आरपीएमने फिरतं आणि लागणारी यांत्रिक शक्ती फक्त ८०० वॅट. म्हणजे १ किलोवॅटची मोटर शक्तीच्या हिशोबाने पुरेशी आहे. तुमचा अंदाज चुकला नव्हता.

आता मोटरची बाजू पाहू. १ किलोवॅट ४०० आरपीएमला, म्हणजे तिचा रेटेड टॉर्क २४ न्यूटन-मीटर. तुम्ही तिच्याकडून चौपटीहून थोडा जास्तच टॉर्क मागताय. दीडपट मिळाला तर भागेल असं तुम्ही म्हणता, पण चढाचा हिशोब चौपट सांगतो. इथेच प्रश्नाचं रूप बदलतं.

टॉर्क तारेतल्या करंटच्या प्रमाणात वाढतो, तर तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. टॉर्क चौपट, तर उष्णता सोळापट. या मापाच्या हब मोटरमध्ये रेटेड टॉर्कला तांब्यात १०० वॅटच्या आसपास जळतात असं धरलं, तर १०० न्यूटन-मीटरला १,७०० वॅटच्या वर जळतील. आत तांबं असतं दीड-दोन किलो. दोन किलो तांब्याला एक अंशाने तापवायला ७७० ज्यूल लागतात. म्हणजे वाइंडिंग सेकंदाला दोन अंशांहून जास्त वेगाने तापणार. ४० अंशांवरून एफ क्लास इन्सुलेशनच्या १५५ अंशांच्या मर्यादेपर्यंत जायला फार तर मिनिटभर. थोडी उष्णता लोखंड खातं म्हणून जरा जास्त वेळ मिळतो. तुम्हाला येणारा वास या हिशोबाशी तंतोतंत जुळतो.

शिवाय तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, तापमान १०० अंशांनी वाढलं की सुमारे ३९ टक्के. तोच टॉर्क द्यायला मग आणखी उष्णता. आणि ८०० वॅट काम अधिक १,७०० वॅट उष्णता म्हणजे बॅटरीतून ५२ अँपिअर, तर तुमचा कंट्रोलर ३५ देतो. ४८ गुणिले ३५ म्हणजे १,६८० वॅट. नुसती उष्णताच त्याहून जास्त आहे, गाडा पुढे ढकलायला काहीच उरत नाही. त्यात अशा कंट्रोलरची फेज करंटची, म्हणजे मोटरच्या तारांत जाणाऱ्या करंटची, मर्यादाही असते, बऱ्याचदा बॅटरी करंटच्या दोन-अडीच पट. तुमची मोटर अँपिअरला ०.९३ न्यूटन-मीटर देत असेल, तर ८० अँपिअरला टॉर्क ७५ च्या आत राहतो. गाडा थांबणारच.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: ही मोटर किती टॉर्क किती उष्णतेत देते, आणि ते प्रमाण सुधारायला तुमच्या हातात काय आहे? आमच्या धंद्यात याला मोटर कॉन्स्टंट म्हणतात. टॉर्क भागिले तांब्यातल्या वॅटचं वर्गमूळ. वर धरलेल्या आकड्यांवरून तुमच्या मोटरचा येतो २.४. पण हा आकडा धरून चालू नका, मोजा. मोटर न उघडता मोजता येतो.

तीनपैकी दोन फेजच्या तारांमधून डीसी सप्लायने १० अँपिअर सोडा. चाकाला एक मीटरची लोखंडी पट्टी बांधा आणि तिचं टोक वजनकाट्यावर टेकवा. चाक हळूहळू थोडं थोडं फिरवत काट्यावरचं जास्तीत जास्त वाचन शोधा. दोन्ही दिशांनी वाचन घेऊन सरासरी काढा, म्हणजे कॉगिंग (चुंबकांमुळे चाकाचं अडखळणं) आणि बेअरिंगचं घर्षण बरंचसं निघून जातं. पट्टीचं स्वतःचं वजनही वजा करा. त्याच वेळी मोटरच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजा, सप्लायच्या डिस्प्लेवर नको, नाहीतर जोडवायरींचा रेझिस्टन्स हिशोबात येतो. टॉर्क भागिले व्होल्टेज-करंटच्या गुणाकाराचं वर्गमूळ, झाला मोटर कॉन्स्टंट. ९.३ न्यूटन-मीटर आणि १५ वॅट आले तर आकडा २.४. मोटर विकत घेतानाही ही चाचणी करून पाहत जा. डब्यावर लिहिलेल्या वॅटपेक्षा ती जास्त खरं बोलते.

आता वेढे. समजा स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर लोखंडी गाभ्याच्या, एका दातावर १० वेढे आहेत आणि तुम्ही १४ केलेत. अँपिअरमागे टॉर्क १.४ पट झाला, हे खरं. पण स्लॉट, म्हणजे दोन दातांमधली तार भरायची खाच, तेवढाच आहे. १४ वेढे बसवायचे तर तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ १.४ पट कमी घ्यावं लागणार. लांबी १.४ पट आणि छेद १.४ पट कमी, म्हणून रेझिस्टन्स १.९६ पट. त्याच टॉर्कला करंट १.४ पट कमी लागेल, त्याचा वर्ग १.९६. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. त्याच टॉर्कला उष्णता तेवढीच, अगदी वॅटसकट. वर टॉप स्पीड १.४ पट घटला तो वेगळाच. पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घेतल्यासारखं हे काम आहे.

मग लोक रिवाइंड करून टॉर्क वाढला असं का सांगतात? दोन कारणं. एक, त्यांचा कंट्रोलर फेज करंटला अडकत होता, आणि जास्त वेढ्यांनी त्याच करंटला जास्त टॉर्क मिळाला. तुमच्याकडेही हे काही अंशी होईल. फेज करंटच्या हिशोबाने ८० अँपिअरला १०४ न्यूटन-मीटर येतात, पण बॅटरीची ३५ अँपिअरची मर्यादा तशीच राहते. आणि १०० न्यूटन-मीटरला आत १,७०० वॅटच जळतात. दुसरं कारण म्हणजे चांगल्या वाइंडरने हाताने रचून भरलं की स्लॉटमध्ये तांबंच जास्त मावतं. बाजारातल्या स्वस्त मोटरमध्ये स्लॉटच्या क्षेत्रफळाच्या ३५ टक्के तांबं असतं, बाकी हवा, कागद आणि इनॅमल. ते ४५ टक्क्यांवर नेलं तर रेझिस्टन्स सव्वापटीहून जास्त घटतो आणि मोटर कॉन्स्टंट १३ टक्क्यांनी वाढतो. श्रेय मिळतं वेढ्यांना, काम केलेलं असतं जास्तीच्या तांब्याने. कारच्या मोटरमध्ये गोल तारेऐवजी चौकोनी पट्ट्या वापरून, म्हणजे हेअरपिन वाइंडिंगने, हेच प्रमाण ६० टक्क्यांच्या वर नेतात.

रिवाइंड करायचंच ठरलं तर वेढे तेवढेच ठेवा आणि तांबं वाढवा. एकच जाड तार वाकवण्यापेक्षा दोन-तीन समांतर तारा नीट ओळीने बसतात. तार एच क्लास इनॅमलची घ्या. वार्निश नुसतं वरून ओतू नका, वाइंडिंग आधी तापवून मुरवा. तारांमधल्या पोकळीत हवा राहिली तर उष्णता लोखंडापर्यंत पोचतच नाही, कारण वार्निशच्या तुलनेत हवेतून उष्णता सात-आठ पट कमी वाहते.

चुंबकांबद्दल जपून बोलावं लागेल. निओडिमियमच्या एन-३५ ग्रेडची शेष चुंबकीय घनता १.२ टेस्लाच्या आसपास, तर एन-५२ ची १.४५ च्या आसपास. कागदावर २० टक्के फायदा. पण एअर गॅपमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) वाढला की तो स्टेटरच्या दातांतून जायला हवा. सिलिकॉन स्टील १.८ ते २ टेस्लाला भरून येतं, आणि बनवणाऱ्याने लोखंड वाचवायला दात आधीच १.७ ला चालवले असतील तर त्या २० टक्क्यांतला मोठा हिस्सा तिथेच अडतो. किती अडतो ते तुमच्या स्टॅम्पिंगवर, म्हणजे स्टेटरच्या कापलेल्या पत्र्यांच्या आकारावर, अवलंबून. दात मोजल्याशिवाय मी आकडा देणार नाही.

त्याहून मोठी अडचण उष्णतेची. ज्या ग्रेडच्या आकड्यानंतर अक्षर नाही तो साधारण ८० अंशांपर्यंतचा. एम १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८० अंश. चांगल्या हब मोटरमध्ये ३५एच किंवा ३५एसएच असतात, आणि त्यामागे कारण असतं. तिथे तुम्ही एन-५२ बसवलेत, मोटर शंभरीला गेली आणि कंट्रोलरने नेमका तेव्हा मोठा करंट मारला, तर चुंबक कायमचे कमजोर होतात. मोटर थंड झाल्यावरही ते परत येत नाहीत. मग पहिल्यापेक्षा कमी टॉर्क. वरच्या तापमानाच्या ग्रेडमध्ये डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने नेमक्या याच धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्याकडच्या दुचाकी कंपन्यांची धावपळ झाली. त्यामुळे ५०एसएच सारखं काही शोधायला निघालात तर दर विचारूनच निघा.

एअर गॅपचा भ्रम इंडक्शन मोटरवरून आलेला आहे. तिथे गॅप निम्मा केला तर मॅग्नेटायझिंग करंट खूप खाली येतो, म्हणून जुने लोक गॅपला फार मान देतात. तुमच्या मोटरमध्ये चुंबक रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, पृष्ठभागावर चिकटवलेले आहेत, आणि फ्लक्सच्या दृष्टीने निओडिमियम म्हणजे जवळजवळ हवाच. चुंबक ३ मिलिमीटर जाड आणि गॅप ०.८ असेल तर फ्लक्सला एकूण ३.८ मिलिमीटर ओलांडावं लागतं. गॅप ०.५ केला तर ३.५. फायदा ९ टक्के, तोही दात भरले नसतील तर. त्या बदल्यात कॉगिंग आणि आवाज वाढतो. शिवाय हबची झाकणं ओतीव, बेअरिंगमध्ये थोडा खेळ, त्यात खड्ड्याचा दणका. ०.५ मिलिमीटरला कधीतरी चुंबक स्टेटरला घासणार. मी हे करणार नाही.

आतापर्यंतचं गणित असं: जास्त तांब्याने १३ टक्के, चुंबक आणि गॅप दोन्ही मिळून कदाचित तितकेच. टॉर्क त्याच उष्णतेला सव्वापट झाला असं उदारपणे धरू. तरी १०० न्यूटन-मीटरला १,१०० वॅट जळतातच.

हब मोटरमध्ये एक गोष्ट मात्र फुकटात मिळते, ती आधी तपासा. चुंबकांची जागा कंट्रोलरला सांगणारे हॉल सेन्सर. या मोटरमध्ये बऱ्याचदा ५१ स्लॉट आणि ४६ चुंबक असतात, म्हणजे चुंबकांच्या २३ जोड्या. स्टेटरचा एक यांत्रिक अंश म्हणजे २३ विद्युत अंश. २०० मिलिमीटर व्यासावर एक अंश म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. कुणी सेन्सर बदलताना एवढा सरकवला असेल तर टॉर्क ८ टक्क्यांनी पडतो, आणि नो-लोड (बिनभाराचा) करंट एका दिशेला जास्त, दुसऱ्या दिशेला कमी दिसतो. दोन्ही दिशांचा नो-लोड करंट मोजून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग मोठा फरक कशाने पडतो? व्यासाने. मोटरचा टॉर्क म्हणजे एअर गॅपच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला किती स्पर्शरेषीय ओढ तयार होते, गुणिले तो पृष्ठभाग, गुणिले त्रिज्या. पृष्ठभागात एकदा व्यास आला आणि तरफेचं अंतर म्हणून पुन्हा एकदा आला. म्हणून व्यास दुप्पट तर टॉर्क चौपट, पण लांबी दुप्पट तर फक्त दुप्पट. हब मोटरमध्ये रोटर बाहेर ठेवतात तो याचसाठी, आणि चुंबकांची संख्या जास्त ठेवतात म्हणजे मागचं लोखंडी कडं पातळ ठेवता येतं आणि गॅप आणखी बाहेर सरकतो.

ही ओढ किती असू शकते याला थंड करण्याच्या पद्धतीने मर्यादा पडते. बंद डब्यातली, हवेवर आपोआप थंड होणारी छोटी मोटर सतत १० ते १५ किलोपास्कल देते. पाण्याने किंवा तेलाने थंड होणारी कारची मोटर ३० ते ६०, क्षणभर त्याहून वर. तुमच्या मोटरचा गॅप २०० मिलिमीटर व्यासाचा आणि चुंबक २७ मिलिमीटर रुंद धरले तर २४ न्यूटन-मीटरला ओढ १४ किलोपास्कल येते. बनवणाऱ्याने प्रामाणिक रेटिंग दिलं आहे. आणि १०० न्यूटन-मीटरला येते ५९. म्हणजे चिखलात चालणाऱ्या बंद हबकडून तुम्ही पाण्याने थंड होणाऱ्या मोटरची कामगिरी मागताय. नवी मोटर डिझाइन करताना मी आधी हा एकच आकडा काढतो. तो आवाक्याबाहेर असेल तर संगणक सुरूही करत नाही.

लांबीचाही फायदा आहे आणि तो बाजारात तयार मिळतो. २७ ऐवजी ४० मिलिमीटर रुंद चुंबकांची हब मोटर घेतली तर टॉर्क ४८ टक्के वाढतो, पण तारेची लांबी तेवढी वाढत नाही, कारण स्टेटरच्या दोन टोकांवरचं वळण तेवढंच राहतं. ते वळण जुन्या मोटरमधल्या तारेच्या तिसऱ्या हिश्शाइतकं धरलं, तर मोटर कॉन्स्टंट सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच टॉर्कला उष्णता ४० टक्क्यांनी घटते. तुमच्या तिन्ही उपायांपेक्षा हा एकटा भारी आहे. तरीही १०० न्यूटन-मीटरला हजार वॅट उरतातच.

थंड करण्याबद्दल एवढंच: हब मोटरमध्ये तांबं आतल्या, स्थिर भागावर असतं आणि बाहेरच्या कवचापर्यंत पोचायला मध्ये हवेचा गॅप. त्या गॅपमध्ये काही मिलिलिटर फेरोफ्लुइड (चुंबकाला चिकटणारा द्रव) घातलं तर चुंबक ते धरून ठेवतात आणि उष्णतेला वाट मिळते. सपाटीवर तास-तास चालणाऱ्या सायकलला याचा उपयोग होतो. मिनिटाच्या चढाला फारसा नाही, कारण तिथे उष्णता तांब्यातून बाहेर पडायच्या आतच खेळ संपलेला असतो.

आता माझं खरं उत्तर. मोटरला हात लावू नका, तिला जोरात फिरू द्या. टोयोटाने प्रियसमध्ये हेच केलं. २००४ च्या गाडीची मुख्य मोटर ४०० न्यूटन-मीटरची, ५० किलोवॅटची, जास्तीत जास्त ६,००० आरपीएमची. २०१० च्या मॉडेलमध्ये तीच २०७ न्यूटन-मीटरवर आणली, वेग १३,५०० वर नेला, मध्ये रिडक्शन गिअर घातला, आणि शक्ती वाढून ६० किलोवॅट झाली. टॉर्क जवळजवळ निम्मा करून मोटर सुधारली. आपल्या रस्त्यावरही पाहा. टीव्हीएस आयक्यूब हब मोटरसाठी १४० न्यूटन-मीटर सांगते, एथर ४५०एक्स फक्त २६. कागद वाचणाऱ्याला वाटेल एथर मागे पडेल. ते २६ मोटरच्या शाफ्टवरचे आहेत, पुढे रिडक्शन होऊन चाकावर कितीतरी पट होतात. माहितीपत्रकातल्या टॉर्कची तुलना करताना तो कुठे मोजलाय हे आधी विचारत जा.

तुमच्या गाड्यात हब मोटर चाकातून काढून चौकटीवर आडवी बसवा, तिच्या डिस्क ब्रेकच्या फ्लँजवर छोटं स्प्रॉकेट, आणि साखळीने मागच्या आसावर तिप्पट दातांचं मोठं स्प्रॉकेट. साखळीतला तोटा धरून मोटरला ३५ न्यूटन-मीटर द्यावे लागतील. तांब्यातली उष्णता १,७०० वरून २१५ वॅटवर येते. मोटर ७६ ऐवजी २३० आरपीएमच्या आसपास फिरते, फेज करंट १०७ वरून ३८ अँपिअरवर, आणि बॅटरीतून २३-२४ अँपिअर. तुमचाच कंट्रोलर पुरतो. किंमत एकच: भरलेला गाडा ताशी १० किलोमीटरच्या पुढे फारसा जाणार नाही. माणूस मागून चालत असेल तर तो जाऊही नये.

दोन अटींवर हे अवलंबून आहे. रेटेड २४ च्या वर ३५ न्यूटन-मीटर म्हणजे चढ सलग पाच-सात मिनिटांचा असेल तर ठीक, वाट अर्धा तास सतत चढतच असेल तर तिप्पटऐवजी साडेचारपट रिडक्शन घ्या. दुसरं म्हणजे उतार. रिकामा गाडा खाली येताना मोटर साखळीने जोडलेलीच राहते. कंट्रोलरला रिजनरेशन (मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी भरण्याची सोय) असेल तर उत्तम, नसेल तर आसावर वेगळा ब्रेक हवाच. साखळी तुटली तर मोटरचा ब्रेक गेला असं समजून तो बसवा.

हे सगळं झाल्यावरही तुम्हाला स्वतःची मोटर डिझाइन करायची हौस असेल, तर ती वेगळी आणि मजेची गोष्ट आहे. FEMM हे द्विमितीय चुंबकीय गणिताचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि विद्यार्थ्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळे वापरतात. त्यात दाताची रुंदी, स्लॉटची खोली, चुंबकाचा कंस, गॅपचा व्यास असे चार-पाच मापदंड बदलत शेकडो आकार तपासता येतात. पण कशासाठी शोधताय हे आधी ठरवा. नवशिक्यांचं ऑप्टिमायझेशन इथे फसतं: ते करंट स्थिर ठेवून टॉर्क वाढवायला सांगतात. संगणक मग वेढे वाढवतो, कारण त्याला उष्णतेशी देणंघेणं नाही. काही जण करंटची घनता स्थिर ठेवतात. मग तो स्लॉट मोठे करत दात काड्यांसारखे बारीक करतो, तांबं वाढतं आणि त्याबरोबर वॅटही. मी तांब्यातले वॅट स्थिर ठेवतो, बाहेरचा व्यास स्थिर ठेवतो, आणि मग जास्तीत जास्त टॉर्क विचारतो. तेव्हा तो दात आणि स्लॉट यांच्यात खरी तडजोड शोधतो. निओडिमियम असेल तर दोघांची रुंदी साधारण सारखी येते. फेराइट असेल तर दात बारीक, कारण फेराइटचा ०.४ टेस्ला वाहून न्यायला जास्त लोखंड लागत नाही.

आणि टॉर्क एकाच करंटला तपासू नका. रेटेडच्या दुप्पट, तिप्पट करंटला आलेख वाकतो का पाहा. रेटेडला सर्वांत चांगली दिसणारी मोटर ओव्हरलोडला दात भरल्याने मागे पडते, आणि तुमचं काम तर ओव्हरलोडचंच आहे. संगणक नेहमी तुम्ही दिलेल्या मर्यादेच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. गॅप ०.३ पर्यंत चालेल असं सांगितलंत तर तो ०.३ च मागेल. म्हणून मर्यादा तुमच्या टर्नरला विचारून घाला. नमुन्याची स्टॅम्पिंग लेझरने कापून घेतलीत तर कडेच्या लोखंडाचे चुंबकीय गुण थोडे बिघडतात. बारीक दातांत तो बिघाड मोठा हिस्सा व्यापतो, म्हणून नमुना गणितापेक्षा कमी भरला तर लगेच गणिताला दोष देऊ नका. वायर-कटने महाग पडतं, पण दात ५ मिलिमीटरच्या आत असतील तर मी तेच घेतो.

गाड्याकडे परत येतो, कारण एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. ४८० न्यूटन जमिनीवर लावायचे तर ओढणाऱ्या चाकांवर भारही हवा. मातीवर घर्षण गुणांक ०.५ धरला तर जवळजवळ १०० किलो. तुमचं पुढचं चाक सपाटीवर कसंबसं तेवढं उचलतं, आणि चढावर वजन मागे सरकल्यावर ते हलकं होतं. मोटरने १०० न्यूटन-मीटर दिले असते तरी चाक जागच्या जागी फिरलं असतं. म्हणून आस मागचाच घ्या. स्प्रॉकेटं १६ आणि ४८ दातांची, ४२८ ची साखळी, जी साध्या मोटरसायकलला असते. हबचा फ्लँज मोठा असून १६ दात बसत नसतील तर २० आणि ६० घ्या. मोठ्या स्प्रॉकेटचा व्यास मग २४ सेंटिमीटरच्या वर जातो, तेव्हा ते सरीच्या वरंब्याला घासत नाही ना, एवढं आधी मोजून घ्या.